सांतानमामाची कोरी दोरी

सांतानमामाच्या बिलियर्डच्या क्यूला कोणी काठी म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. "काठीने म्हशी हाकतात," एवढं बोलून तो तोंड फिरवायचा आणि त्या माणसाशी निदान त्या दिवसापुरतं बोलणं बंद. साहजिकच उमेळ्यातले निम्मे लोक त्याच्यासमोर मुद्दाम काठीच म्हणत. कोणाची दुखरी जागा सापडली की आमचं गाव ती सहजासहजी सोडत नाही.

मी त्याची शेजारीण. दोन घरांमध्ये केळीची एक बाग आणि एक विहीर, एवढंच अंतर. मी शाळेत शिकवायला लागले तेव्हापासून तो मला टीचर म्हणायचा. लहानपणी मी त्याच्याच खांद्यावर बसून चर्चच्या सणाला, फेस्ताला गेले होते, हे तो सोयीस्कर विसरला होता. मी मात्र त्याला शेवटपर्यंत मामाच म्हटलं आणि अरेतुरेच केलं.

त्याची उमेदीची वर्षं मुंबईच्या एका जुन्या क्लबात गेली. तिथल्या बिलियर्डच्या खोलीत तो मार्कर होता, म्हणजे खेळणाऱ्यांचे गुण सांगायचे, टेबल झाडायचं, क्यूची टोकं बदलायची. त्यातून क्यू दुरुस्त करायला शिकला आणि मग स्वतःच करायला लागला. निवृत्त होऊन घरी आला तो पायाने चालवायची एक लेथ घेऊनच. ती ओटीवर बसली आणि इजाबेलमामीचं पापड वाळत घालायचं ठिकाण गेलं. या विषयावर त्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीवरूनसुद्धा झाली नसतील.

त्याची गिऱ्हाइकं म्हणजे बोटीवर काम करणारी माणसं. आमच्याकडे घरटी एक तरी पोरगा तेव्हा बोटीवर असे. परदेशी बंदरात हे लोक पूल नावाचा अमेरिकन खेळ शिकून येत आणि तिकडचे क्यू घेऊन येत. गिऱ्हाईक आलं की सांतानमामा आधी त्याचा तळहात बघायचा. घाम येतो का, क्यू घट्ट धरतोस की सैल, दारू पिऊन खेळतोस काय, असे प्रश्न डॉक्टरच्या थाटात विचारायचा. खोटं उत्तर दिलं की त्याला कळायचं. मग तो क्यू परत हातात द्यायचा आणि म्हणायचा, दुसरा माणूस बघ.

सरळ रेषेचं त्याला वेड होतं. क्यू बघून बघून त्याचा एक डोळा कायमचा अर्धा मिटलेला राहिला होता आणि त्या डोळ्याने तो सगळं जग तपासायचा. एकदा फेस्ताच्या मिरवणुकीत, बँड वाजायला लागला असताना, त्याने पुढे चाललेल्या क्रुसाचा दांडा थांबवला. म्हणाला, बाक आलाय. फादरनी समजावलं की मिरवणुकीनंतर बघू. तो म्हणाला, देवाला वाकड्या दांड्यावर धरून गावभर फिरवायचं आणि नंतर बघायचं, हे कुठलं शास्त्र? बँडवाले वाजवायचे थांबले. शेवटी मी माझ्या घरातून पडद्याचा दांडा आणून दिला. तोही त्याने आधी डोळ्याला लावून पाहिला.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट वेदीच्या कापडाची. वेदीवरचं कापड लिननचंच असावं असा चर्चचा जुना रिवाज आहे. मुंबईला राहायला गेलेल्या गावच्याच एका बाईंनी मोठ्या हौसेने तसं कापड आणून दिलं, झालर लावलेलं. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली, फादरनी बाईंचे आभार मानले. बाई पहिल्या बाकावर बसलेल्या, चारचौघीत मान ताठ. सांतानमामा पुढे गेला, काठाचा एक धागा ओढून काढला आणि मेणबत्तीवर धरला. धागा वितळून त्याचा काळा मणी झाला. त्याने तो मणी बोटावर घेऊन बाईंना दाखवला. म्हणाला, यात लिनन नावाला नाही, दुकानदाराने तुम्हाला फसवलं. बाई रडत बाहेर पडल्या त्या पुढे कित्येक वर्षं उमेळ्याला फिरकल्या नाहीत. मी त्याला खूप बोलले. त्याला त्यात काहीच गैर वाटलं नव्हतं. "खोट्याला खोटं म्हणायला पाप कसलं, टीचर?" एवढंच त्याचं म्हणणं.

लिनन त्याला कळायचं ते क्यूमुळे. क्यूचा जो भाग मुठीत येतो, त्यावर धागा गुंडाळलेला असतो. लेथवर क्यू फिरवत, ओला धागा ताणून, वेढ्याला वेढा चिकटवून बसवायचा आणि मग काचेने घासून गुळगुळीत करायचा. हा धागा जवसाच्या झाडाच्या सालीतून निघतो, तेच लिनन. त्यातही जुना, विलायती, घट्ट पिळाचा लागतो. सांतानमामाचं एक ठरलेलं वाक्य होतं की जुना धागा घाम पितो आणि नवा धागा घाम परत देतो. पण नायलॉन आल्यापासून तो जुना धागा कुठे मिळेनासा झाला. त्याच्याकडची शेवटची गुंडी सत्तरच्या दशकात कधीतरी संपली आणि तिथून पुढची गोष्ट सुरू होते.

एका दुपारी वांद्र्याचे एक इंजिनियरसाहेब क्यू घेऊन आले. मोठ्या बोटीवरचे मुख्य इंजिनियर, माणूस सभ्य, पण क्यूच्या बाबतीत सांतानमामाचाच भाऊ. अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्या कारागिराने खास त्यांच्या हातासाठी केलेला तो क्यू. मुठीवरचं लिनन, पांढऱ्यावर हिरवे ठिपके असलेलं, कुजून सुटायला लागलं होतं. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, जुनं खरं लिनन, पांढरं, मिळालं तर लावा. नाही मिळालं तर तसाच उघडा परत द्या, मी समजून घेईन. पण आपल्या मनाने काही करू नका.

मग चहा झाला. रॉकी, म्हणजे सांतानमामाचा एकुलता एक मुलगा, चहा घेऊन आला. त्याच्याकडे बोटीवर जायची सगळी कागदपत्रं तयार होती, पण बोट मिळत नव्हती. ओळखीशिवाय कोणी उभं करत नसे. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मुंबईला जायचा आणि संध्याकाळी तोच शर्ट चुरगाळून परत यायचा. साहेबांनी त्याची चौकशी केली आणि आपणहून म्हणाले, पास्खाच्या, म्हणजे ईस्टरच्या सणानंतर माझी बोट निघते, इंजिनात एक हात कमी आहे. क्यू न्यायला येईन तेव्हा मुलाचे कागद बघतो. काम माझ्या मनासारखं करणाऱ्या माणसाचा मुलगा मला चालेल.

इजाबेलमामीने त्याच संध्याकाळी नऊ दिवसांची प्रार्थना, नवेना धरली. आणि सांतानमामाने काय करावं? साहेब फाटकाबाहेर पडायच्या आत त्याने क्यूवरचा जुना धागा कापून टाकला. नवा कुठून आणणार याचा पत्ता नाही आणि क्यू उघडा. मी म्हटलं, मामा, आधी सापडू तर द्यायचा. तो म्हणाला, कुजलेलं अंगावर ठेवून माणूससुद्धा नीट विचार करू शकत नाही.

पुढचे दिवस त्या घरात कोणाला नीट जेवण गेलं नसेल. सांतानमामाने मुंबई पालथी घातली. बूट शिवणारे, पुस्तकं बांधणारे, बॅटींच्या मुठी बांधणारे, सगळ्यांकडे गेला. जो धागा मिळेल त्याचं टोक जाळून वास घ्यायचा आणि परत द्यायचा. संध्याकाळी विहिरीवर हातपाय धुताना मला फक्त मान हलवून दाखवायचा. एक दिवस रॉकीनेच कुठून तरी धागा आणला. पांढरा, हिरव्या ठिपक्यांचा, मला तर अगदी तसाच वाटला. सांतानमामाने काडी लावली. मणी झाला.

"बाबा, साहेबाला काय कळनार हाय?" रॉकी म्हणाला.

"मला कळंल."

 रॉकी उठून केळीच्या बागेत जाऊन उभा राहिला. पाठीमागून त्याचे खांदे दिसत होते आणि मला त्याच्या बापाचा फार राग आला.

वाट सापडली ती माझ्या दारात. ढाकूबाई आमची कोळीण, पाचूबंदरहून रोज मासळीची पाटी घेऊन यायची. मी मांदेली निवडता निवडता सांतानमामाचं रडगाणं तिला ऐकवत होते. ती म्हणाली, तिच्या सासऱ्याने इंग्रजांच्या वेळी गळाला लावायला विलायती दोरी आणली होती. मग नायलॉन आलं आणि ती तशीच कोरी माळ्यावर पडली. मी मांदेली तशीच टाकून सांतानमामाला हाक मारली.

आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. डब्यातून, जुन्या कागदात गुंडाळलेली ती दोरी तिने काढली. बारीक, पांढरी, पिळाची. सांतानमामाने टोक जिभेला लावलं, मग जाळलं. गवत जळल्यासारखा वास आला आणि चिमूटभर राख राहिली. तो त्या ओट्यावर बसला आणि हसला. इतक्या वर्षांत मी त्याला दात दिसतील असं हसताना पाहिलं नव्हतं. त्याचे वरचे दोन दात नाहीत हे मला त्या दिवशी कळलं.

ढाकूबाईला पैसे नको होते. पण घरधनी दर्यात होता, त्याला विचारल्याशिवाय बापाची वस्तू कशी द्यायची? तो आला की मी स्वतः आणून देते, ती म्हणाली. ते योग्यच होतं. सांतानमामा परत येताना रस्ताभर बोलत होता. घरी आल्यावर रॉकीला त्याने कागदपत्रं नीट लावून ठेवायला सांगितलं.

ढाकूबाई शब्दाला जागली. पास्खाच्या आधीच्या आठवड्यात ती आली. पाटीतली मासळी बाजूला करून केळीच्या पानात बांधलेलं पुडकं काढलं आणि सांतानमामाच्या हातात दिलं. त्याने पान सोडलं. आत दोरी होती, सगळीच्या सगळी, लालसर तपकिरी.

आमच्याकडच्या वाचकांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. नायलॉन यायच्या आधी कोळी लोक जाळी आणि दोऱ्या झाडाची साल उकळून त्या पाण्यात शिजवत. त्याने दोरी खाऱ्या पाण्यात कुजत नाही. कोरी दोरी कोणी वापरत नसे आणि कोरी दोरी कोणाला देणं म्हणजे त्याचं वाईट चिंतणं. ढाकूबाईच्या घरातला हा रिवाज. तिने तो पाळला होता.

"कोरी कशी द्यायची, मामा?" ती म्हणाली. "दोन दिस ऐनाची साल उकळली. सासूचं तांब्याचं भांडं काडलं त्याच्यासाठी. आता शंभर वर्सं काय होनार नाय हिला."

ओटीवर आम्ही सगळे होतो. रागाच्या भरात एकदा चिरलेला क्यू विहिरीत फेकलेला माणूस हा, आता काय करील याची सगळ्यांना धास्ती. इजाबेलमामीने माझा हात धरला. रॉकी भिंतीला टेकला. सांतानमामा त्या दोरीकडे बघत राहिला, मग ढाकूबाईच्या हातांकडे. ते कोपरापर्यंत लाल झाले होते.

"बस," तो तिला म्हणाला. "चा घे."

ती गेल्यावर धुण्याची सुरुवात झाली. सोडा झाला, साबण झाला, ऊन झालं. इजाबेलमामीने दगडावर अक्षरशः घाम गाळला. रंग फार तर चहाइतका उतरला, पुढे हलेना. रॉकी ब्लिचिंग पावडर आणतो म्हणाला, पण त्याने धागा खचला असता. ढाकूबाईच्या घरी दुसरी दोरी नव्हती. मग सांतानमामाने लेथ सुरू केली आणि ती चहाच्या रंगाची दोरी क्यूवर बसवली. काम असं केलं होतं की दोन वेढ्यांमध्ये नख जात नव्हतं. पण पांढरं मागितलं होतं आणि हे पांढरं नव्हतं.

मला त्याची फारशी चिंता वाटत नव्हती, कारण चूक त्याची नव्हती. साहेब स्वतःच म्हणाले होते की मी समजून घेईन. झालेली हकिकत जशीच्या तशी सांगायची, धागा खरा आहे हे दाखवायचं, बस. आदल्या संध्याकाळी विहिरीवर सांतानमामाही तेच म्हणाला. "खरं तेच सांगनार. त्यात लाज कसली?" आणि खरं सांगण्यात हा माणूस कधी मागे हटला होता?

साहेब रविवारी मिस्सानंतर आले. माझा चांगला कपांचा सेट मागून नेला होता, म्हणून मीही गेले. रॉकी दारात उभा, पांढरा शर्ट, हातात कागदांचं पाकीट. आणि पायरीवर ढाकूबाई. आपली दोरी कोणाच्या हातात जाते ते बघायला ती मुद्दाम आली होती, धुतलेलं लुगडं नेसून, डोक्यात अबोली माळून. तिला कोणी बोलावलं नव्हतं आणि जा म्हणायची कोणाची छाती नव्हती.

साहेबांनी क्यू हातात घेतला. मुठीवरून हात फिरवला, परत फिरवला, नाकाजवळ नेला. त्यांचा चेहरा उतरला.

"हा रंग कोणी दिला?" त्यांनी विचारलं. मराठीत विचारलं, शांतपणे.

ढाकूबाई सावरून बसली. पदर खांद्यावर ओढून घेतला. वर्गात उत्तर बरोबर आलेलं मूल बाई आता नाव घेतील म्हणून बसतं ना, तशी.

सांतानमामाने तिच्याकडे पाहिलं. मग रॉकीकडे पाहिलं. रॉकीकडे तो बराच वेळ बघत होता असं मला वाटलं, पण तेवढा वेळ झाला नसावा.

"मीच, साहेब," तो म्हणाला. "मी सांगून करून घेतला. असा रंग मला आवडतो."

"मी पांढरा सांगितला होता."

"हो."

"तरीही?"

"तरीही."

 साहेबांनी क्यू पेटीत ठेवला, अर्धा कप चहा घेतला, ठरलेले पैसे मेजावर ठेवले. आवाज चढवला नाही. निघताना रॉकीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, बघू पुढे कधी. पाकीट त्यांनी मागितलं नाही आणि रॉकीने पुढे केलं नाही. ढाकूबाई पायरीवरून उठता उठता इजाबेलमामीला म्हणाली, साहेब बोलला नाय काय, पन हात किती वेळ फिरवत व्हता.

ती लांब जाईपर्यंत मामीने दम धरला. मग ती नवऱ्यावर तुटून पडली. जन्मभर क्लबात इंग्रजी बोललास, आज साहेबाला दोन वाक्यं इंग्रजीत सांगायला काय झालं होतं? तो म्हणाला, "तिला इंग्रजी कळत नाय. तोंड कळतं."

"आनि पोराचं तोंड?" मामी म्हणाली.

 साहेबांना पत्र लिहून खरं कळव, म्हणून मामी आणि मी दोघींनी त्याच्या मागे लागून पाहिलं. पत्ता होता, बोट निघायला अवकाश होता. तो बधला नाही. सांगितलं ते सांगितलं.

मी फार चिडले होते. सगळा जन्म लोकांच्या तोंडावर खरं फेकून झालं आणि खोटं बोलायला याला हीच वेळ सापडावी? मी त्याला त्या वेदीच्या कापडाच्या बाईंची आठवण करून दिली. तेव्हा कुठे गेली होती ही दया?  तो म्हणाला, त्या बाईने दुकानातून आणून दिलं होतं, हिने चुलीत स्वतःची लाकडं जाळली. आणि थोड्या वेळाने, मी न विचारता, म्हणाला की त्या बाईलाही तसं बोलायला नको होतं. त्याने बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. मी रॉकीची आई असते तर ठरवता आलं असतं.

साहेबांची बोट गेली. रॉकी पुन्हा मुंबईला गेला नाही. नालासोपाऱ्याच्या बाजूला एका कारखान्यात लागला, पुढे स्वतःचा टेम्पो घेतला आणि होळी नावाच्या बाजारातला भाजीपाला वाहायला लागला. लग्न झालं, मुलं झाली, वाईट काही झालं नाही. पण बापाशी तो कामापुरतंच बोलायचा. एका ताटाला बसून दोघं जेवायचे आणि मीठ मामीकडून मागायचे. त्याच्या बरोबरीची पोरं बोटीवरून सुटीला आली की रॉकी त्या दिवशी टेम्पो लांब कुठेतरी घेऊन जायचा. सांतानमामा ते बघायचा. क्यू करत राहिला, पण गिऱ्हाइकाला उलट प्रश्न विचारणं त्याने कमी केलं. काठी म्हटलं तरी चालायला लागलं, तेव्हा गावानेही ते म्हणायचं सोडून दिलं.

ढाकूबाईला यातलं कधीच काही कळलं नाही. दर पावसाळ्याच्या आधी ती त्याला सुके बोंबील आणून द्यायची आणि पाचूबंदरात सांगत फिरायची की उमेळ्याच्या सांतानमामाने तिच्या हातचा रंग मुद्दाम मागून घेतला.

ऐंशीच्या दशकात, मार्गशीर्षाच्या थंडीत तो गेला. दोन दिवस छातीत दुखतं म्हणत होता, तिसऱ्या दिवशी उठला नाही. शवपेटी घराच्या पुढच्या खोलीत ठेवली होती. त्याला काळा कोट घातला होता आणि तो अर्धा मिटलेला डोळा आता दुसऱ्यासारखाच मिटला होता, त्यामुळे तो मला जरा परका वाटला. तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपत आला होता. तेवढ्यात ढाकूबाई सुनेच्या आधाराने आत आली. फार थकली होती. पेटीजवळ गेली, त्याच्या बोटांवर हात ठेवला आणि मग पायाशी उभ्या असलेल्या रॉकीकडे वळली.

"तुझ्या बापाला माझ्या हातचा रंग लय आवडायचा," ती म्हणाली. "साहेबासमोर बोलला व्हता. तू व्हतास ना तवा?"

इजाबेलमामीचं रडणं थांबलं.  रॉकीने ढाकूबाईकडे पाहिलं. आपल्या हातून गेलेली बोट कोणामुळे गेली, हे त्या खोलीत त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"होतो, मावशी," तो म्हणाला. "घरात पन नेहमी बोलायचा बाबा. असा रंग दुसऱ्या कोनाला जमायचा नाय."

त्या घरात त्या रंगाचं नाव कोणी कधी काढलं नव्हतं. ढाकूबाईने डोळे पुसले आणि समाधानाने मान हलवली. रॉकी वाकला आणि त्याने बापाच्या पेटीची पुढची कडी धरली.